पिवळ्या पानाची बखर

बखर म्हटली की वाचकांच्या डोळ्यांपुढे गड उभा राहतो. तटावरच्या तोफा, पायथ्याचा वेढा, आतली फितुरी आणि अखेरचा तह. मी जी बखर सांगायला बसलो आहे, तिच्यातला गड म्हणजे वीतभर रुंदीची एक मातीची कुंडी आहे आणि तिच्यात वाढणारे झाड हीच तिची शिबंदी. वेढा मात्र खराखुरा आहे. रानातले झाड निदान मुळे लांबवून पलीकडच्या मातीत काही सापडते का ते पाहू शकते. कुंडीतल्या झाडाला आपण देऊ तेवढेच जग. त्याला पळता येत नाही, ओरडता येत नाही. उपाशी आहे हे कळवण्याची त्याची एकच रीत, ती म्हणजे पान पिवळे करणे.

दिवाळी सरते आणि तुळशीचे लग्न तोंडावर येते. वृंदावनाला रंग लागतो, ऊस येतो, चिंचा-आवळे येतात आणि मग कोणाच्या तरी ध्यानात येते की नवरीच पिवळी पडली आहे. लागलीच घरात वैद्यमंडळ भरते. आजी म्हणतात दृष्ट लागली, आई म्हणते पाणी जास्त झाले, शेजारच्या काकू शेणखत सुचवतात आणि वडील बाजारातून खताची पिशवी घेऊन येतात. चौघांचे चार उपाय एकाच आठवड्यात त्या मुक्या रोपावर होतात. द्वादशी उजाडते तेव्हा मंगलाष्टके म्हणायला मंडळी जमलेली असतात आणि वृंदावनात चार काड्या उभ्या असतात.

दोष कोणाचाच नाही. पिवळे पान हा शब्दच असा आहे की त्याचे अर्थ पुष्कळ. आपल्या शेतकऱ्याच्या बोलीत त्याला एक सुंदर नाव आहे, केवडा. उसावर केवडा पडतो आणि काकडी-भोपळ्याच्या वेलावरही केवडाच पडतो. पैकी उसाचा केवडा बहुधा लोहाच्या उपासमारीचा असतो, तर वेलावरचा केवडा एका बुरशीसारख्या जीवाचा. एकाचे औषध दुसऱ्याला शून्य उपयोगाचे. नाव रंगावरून पडले आणि रंग दोघांचा सारखा. या सारख्या दिसणाऱ्या दुखण्यांची फोड करायला माणसाला सुमारे तीनशे वर्षे लागली. त्या फोडीतला मोठा भाग कुंड्यांत आणि बरण्यांत झाला, म्हणून ही बखर घराघरांतल्या कुंडीपाशी आणून ठेवावीशी वाटली.

पहिली नामांकित कुंडी ब्रुसेल्सकडची. सतराव्या शतकात तिकडे यान बाप्टिस्ट व्हान हेल्माँट नावाचा एक वैद्य होता. झाड नेमके खाते काय, असा प्रश्न त्याला पडला. त्याने भट्टीत वाळवलेली २०० पौंड माती एका मोठ्या मडक्यात भरली, तीत ५ पौंड वजनाचे वाळुंजाचे रोप लावले, धूळ पडू नये म्हणून वर भोके पाडलेले पत्र्याचे झाकण बसवले आणि पावसाचे पाणी घालीत पाच वर्षे वाट पाहिली. पाच वर्षांनी झाड भरले १६९ पौंड आणि वर सुमारे तीन औंस. माती पुन्हा वाळवून तोलली, तर ती मूळच्या मानाने अवघी दोन औंस कमी. झाडाचे लाकूड, साल आणि मुळे केवळ पाण्यातून निर्माण होतात, असा निकाल त्याने दिला. हा वृत्तान्त त्याच्या मृत्यूनंतर, १६४८ साली, मुलाने प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात छापला गेला.

गंमत अशी की ‘गॅस’ हा शब्द जगाला दिला तो याच हेल्माँटने. कोळसा जळताना निघणारा वायू त्याने ओळखला होता आणि झाडाच्या त्या १६४ पौंडांत मोठा वाटा त्याच वायूतल्या कर्बाचा होता! उत्तर त्याच्या एका हातात होते आणि प्रश्न दुसऱ्या हातात. दोन हातांची गाठ पडली नाही. मला मात्र या कथेत मौज वाटते ती त्या दोन औंसांची. एवढ्या मोठ्या तोलात दोन औंस म्हणजे काय? कोणीही दुर्लक्ष करावे इतके. पुढच्या तीन शतकांचे सारे शास्त्र त्या दोन औंसांत दडून बसले होते.

ते दोन औंस पहिल्यांदा चाचपले लंडनच्या जॉन वुडवर्डने. १६९९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत त्याने पुदिन्याच्या काड्या काचेच्या कुप्यांत वाढवल्या होत्या. एकीत पावसाचे पाणी, दुसरीत थेम्स नदीचे, तिसरीत हाइड पार्कच्या पाटाचे आणि आणखी एकीत त्याच पाण्यात कालवलेली बागेची माती. पाणी जितके गढूळ तितका पुदिना तरारून आला. म्हणजे निव्वळ पाणी पुरत नाही, मातीतले काहीतरी लागते, एवढे नक्की झाले. १८०४ साली जिनीव्हाच्या निकोला-तेओदोर द सोस्यूरने हिशेब आणखी चोख केला. झाड कर्ब घेते हवेतून. राखेत उरणारे खनिज क्षार घेते मुळांवाटे, मातीतून. क्षार थोडेच असतात, पण त्या थोड्यांवाचून चालत नाही.

मग जर्मनीत कार्ल श्प्रेंगेल आणि युस्टुस फॉन लीबिग यांनी एक नियम मांडला. श्प्रेंगेल आधीचा, १८२८ च्या सुमाराचा. १८४० च्या ग्रंथानंतर जगभर गाजला तो लीबिग. नियम असा की झाडाची वाढ ठरते ती सर्वांत तुटपुंज्या अन्नघटकावरून. लाकडी पिंपाची एक फळी आखूड असली, तर बाकीच्या फळ्या कितीही उंच असोत, पाणी आखूड फळीपर्यंतच राहणार. नत्र कमी असेल तर स्फुरद आणि पालाश गाडीभर ओतून काय होणार? घरोघर आणली जाणारी ती खताची पिशवी नेमकी आखूड फळी सोडून इतर फळ्यांवर ओतली जाते, तेव्हा हेच होते.

परंतु याच लीबिगच्या हातून इतिहासाने एक वेगळाच धडा दिला. १८४५ च्या सुमारास त्याने इंग्लंडात स्वतःचे पेटंट खत बाजारात आणले. पावसाने क्षार वाहून जाऊ नयेत, म्हणून त्याने ते चुन्याबरोबर भट्टीत वितळवून असे पक्के केले की ते पाण्यात विरघळेचना. खतात नत्राचीही वाण होती, आणि जे अन्न होते ते मुळांना घेता येईना. शेतकऱ्यांनी पैसे मोजले, खत शेतात पडले आणि पीक होते तिथेच राहिले. गडावरचे कोठार भरलेले आणि शिबंदी उपाशी! अन्न मातीत असणे वेगळे आणि अन्न झाडाच्या तोंडी पडणे वेगळे. माझ्या बखरीचे सारे सार या एका वाक्यात आहे आणि तुमच्या-आमच्या बहुतेक कुंड्यांचे दुखणेही त्यातच आहे.

कोठाराची कुलपे शोधायची तर आधी कोठारात काय काय लागते ते कळायला हवे होते. १८६० च्या आगेमागे युलियस झाक्स आणि विल्हेल्म क्नोप या दोघा जर्मन पंडितांनी मातीच काढून टाकली. काचेच्या बरणीत शुद्ध पाणी, त्यात मोजून घातलेले क्षार आणि बुचातून आत सोडलेली मुळे. झाडे मजेत वाढली. आता प्रयोग सोपा झाला : एका बरणीत नत्र वगळा, दुसरीत पालाश, तिसरीत लोह, आणि पाने पाहत बसा. लोह वगळलेल्या बरणीत नवे पान फिकट पिवळे, पुढे तर जवळजवळ पांढरे येई. झाडाच्या मुक्या भाषेचा शब्दकोश तयार होऊ लागला तो असा, एकेक घास मागे घेऊन.

लोहाची कथा मात्र त्याआधीच फ्रान्समध्ये सुरू झाली होती. त्या काळी फिकट पडलेल्या तरुण मुलींना वैद्य लोहाचे औषध देत. त्या दुखण्याला ‘क्लोरोसिस’ म्हणत आणि पिवळ्या झाडांच्या रोगालाही तेच नाव होते. युझेब ग्रिसने १८४३ साली दाखवून दिले की झाडांनाही तेच औषध लागू पडते. पिवळ्या पानावर त्याने लोहक्षाराचे पाणी लावले आणि पान हिरवे झाले. हे क्षार म्हणजे आपल्याकडे रंगाऱ्यांच्या आणि शाई करणाऱ्यांच्या ओळखीचे हिराकस किंवा त्याचे भाऊबंद.

प्रयोगशाळेतल्या या गोष्टीवर पुढे एका देशाचे नशीब लटकले. १८६० नंतर अमेरिकेतून आलेल्या फायलोक्सेरा नावाच्या बारीक किडीने फ्रान्सच्या द्राक्षवेलींची मुळे पोखरली. गावेच्या गावे उजाड झाली. उपाय निघाला तो असा की खुंट अमेरिकेच्या रानवेलीचा घ्यावा, कारण त्याची मुळे किडीला दाद देत नाहीत, आणि वर कलम करावे फ्रेंच द्राक्षाचे. पण कोन्याकसारख्या प्रदेशात जमीन चुनखडीची. तिथे हे अमेरिकन खुंट लावताच वेली पिवळ्या पडू लागल्या. किडीतून सुटलेली वेल केवड्याने मरू लागली. जमिनीत लोह नव्हते असे नाही. चुन्याने त्याला कुलूप घातले होते.

१८८७ साली फ्रेंच सरकारने प्येर व्हियाला या तरुण शास्त्रज्ञाला अमेरिकेत धाडले. कामगिरी एकच : चुनखडीवर हिरवी राहणारी रानवेल शोधून आण. टेक्सासमध्ये टी. व्ही. मन्सन नावाच्या द्राक्षतज्ज्ञाने त्याला वाट दाखवली. तिथल्या चुनखडीच्या टेकड्यांवर बेर्लांदिएरी जातीच्या वेली खुशाल हिरव्यागार उभ्या होत्या. त्यांच्याशी संकर करून तयार झालेल्या खुंटांनी पुढे फ्रान्सचे चुनखडीचे मळे उभे ठेवले. वाचकहो, तासगावचा किंवा नाशिकचा द्राक्षबागायतदार ‘डॉगरीज’ खुंटावर कलम बांधतो, तो खुंटही टेक्सासच्याच रानवेलीतून निवडलेला. जमीन नि पाणी कठीण असले तर झाडच बदलावे, हा त्या वेढ्यातून निघालेला तह आपल्या बागांतही चालू आहे.

आता त्या कुलपाविषयी. चुना जमिनीला विम्ल करतो हे सर्वांना ठाऊक होते, पण किती? मोजायचे कसे? आंबट आणि खारट ओळखण्याची रंगाची रीत जुनी. १६६४ साली रॉबर्ट बॉइलने लिहून ठेवले की व्हायोलेट फुलांचा पाक आम्लाने लाल होतो आणि विम्लाने हिरवा. आपल्या घरांत तर हे रसायन पिढ्यान्‌पिढ्या बायकांच्या हाती होते. हळदीला चुन्याची निवळी लागली की ती लाल होते आणि तिचे कुंकू बनते. जुन्या प्रयोगशाळांत विम्ल ओळखायला हळदीचा कागदच वापरीत. हळदीकुंकवाच्या ताटात एका बाजूला पिवळी हळद आणि दुसऱ्या बाजूला तिचीच लाल झालेली बहीण. मधे चिमूटभर चुन्याचे अंतर.

ते अंतर अंकात मांडले कोपनहेगनच्या सोरेन्सनने. १९०९ साली कार्ल्सबर्ग या मद्यकारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करताना त्याने एक मोजपट्टी आखली. तिला जग पीएच म्हणते. आपले कृषिखाते सामू म्हणते. सात म्हणजे समतोल, सातच्या खाली आम्ल, वर विम्ल. ही पट्टी साधी नाही. एक अंक खाली उतरला की आम्लता दहापट, दोन अंक उतरला की शंभरपट. म्हणून मातीचा सामू सहाचा आठ झाला, तर दोनच अंकांचा फरक म्हणून सोडून देता येत नाही.

सामू चढला की लोह, मँगेनीज, जस्त मातीला घट्ट धरून बसतात. फार उतरला तर उलटे संकट. अ‍ॅल्युमिनियमसारखी द्रव्ये इतकी मोकळी होतात की मुळांना विषच. स्फुरद तर दोन्ही टोकांना रुसते. १९४६ साली अमेरिकेच्या एमिल ट्रूओगने याचा एक तक्ता काढला. प्रत्येक अन्नघटकाचा एक पट्टा. जिथे तो मुळांना सहज मिळतो तिथे रुंद, नसेल तिथे चिंचोळा. सगळे पट्टे एकदम बऱ्यापैकी रुंद असतात ते साडेसहाच्या आसपास. मातीच्या कुंडीला तीच जागा मानवते. कोकोपीटसारख्या माध्यमाला त्याहून किंचित खाली, सहाच्या जवळ. कोठाराची किल्ली ती हीच.

राहिली शब्दकोशाची गोष्ट. इंग्लंडात रॉथमस्टेडला कॅथरिन वॉरिंग्टन या बाईंनी १९२३ साली दाखवले की वालासारख्या शेंगेच्या झाडाला बोरॉन लागतो, आणि लागतो तो अगदी कणभर. त्या काळात मँगेनीज, जस्त, तांबे अशी एकेक नावे यादीत चढत गेली. क्लोरीन १९५४ साली आले, निकेल तर १९८७ साली. हवापाण्यातले तीन धरून ही यादी आज सतरांची आहे. हेल्माँटचे दोन औंस उलगडले ते असे.

१९४३ साली, जर्मन पाणबुड्यांनी इंग्लंडची अन्नाची वाट अडवली असताना आणि कुरणे नांगरून धान्य पेरले जात असताना, ब्रिस्टलजवळच्या लाँग अ‍ॅश्टन केंद्रातल्या टॉमस वॉलेसने एक पुस्तक काढले. त्यात उपाशी पानांची रंगीत चित्रे होती. कोणत्या पिकाचे पान कोणत्या भुकेने कसे दिसते, हे शेतात उभे राहून ताडता यावे एवढाच हेतू. खऱ्या वेढ्यात सापडलेल्या देशाने पाने वाचायला शिकवणारे पुस्तक छापले, याचे मला फार अप्रूप वाटते.

या सगळ्या विद्येतला एक नियम घराघरांत ठाऊक असावा असा आहे : पिवळेपण जुन्या पानांवर आहे की नव्या, ते आधी पाहा. नत्र, स्फुरद, पालाश आणि मॅग्नेशियम ही द्रव्ये झाडात हिंडूफिरू शकतात. ती कमी पडली की झाड खालच्या जुन्या पानांतून काढून कोवळ्या शेंड्याला देते. दुष्काळात आई आपल्या ताटातले मुलाला वाढते, तसेच. म्हणून त्यांची तूट खालच्या पानांवर दिसते. नत्राच्या तुटीत जुने पान सारखे पिवळे होते. मॅग्नेशियमच्या तुटीत शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा. पालाशच्या तुटीत कडा करपतात. लोह, कॅल्शियम, बोरॉन मात्र एकदा जिथे बसले तिथून सहसा हलत नाहीत. त्यांची तूट नव्या पानांवर उतरते. हिरव्या शिरांचे जाळे आणि मधे फिकट पिवळा रंग असे कोवळे पान दिसले, तर संशय लोहावर घ्यावा.

आमच्या शाळेच्या व्हरांड्यात जास्वंदीच्या काही कुंड्या आहेत. एका वर्षी त्यांचे शेंडे पिवळे पडले. सातवीच्या मुलांना घेऊन मी तिथे गेलो आणि एवढेच विचारले, कोणते पान पिवळे आहे? एक मुलगी म्हणाली, “सर, म्हातारी पाने हिरवी आहेत, बाळेच आजारी आहेत.” याहून नेमके निदान मी पुस्तकात वाचलेले नाही. प्रयोगशाळेतून सौम्य आम्लाची बाटली आणून मातीच्या चिमटीवर दोन थेंब टाकले, तर माती फसफसली. कुंड्या भरल्या होत्या त्या पाडलेल्या जुन्या भिंतीच्या मातीने. तीत चुना भरपूर. मग अर्धा ग्रॅम हिराकस शंभर घनसेंटिमीटर पाण्यात विरघळवून मुलांनी कुंचल्याने काही पानांच्या डाव्या अर्ध्या भागावर तेवढे लावले. दहा दिवसांत डावी बाजू हिरवी धरू लागली, उजवी पिवळीच राहिली. ग्रिसचे पावणेदोनशे वर्षांचे जुने काम त्या पोरांनी एका पानावर वाचले. पुढे आम्ही माती बदलली. तांबडी माती आणि कुजलेले खत घातले, कारण पानावरचे औषध हा त्या पानापुरताच उतारा असतो आणि चुन्याच्या मातीत नुसते हिराकस ओतले तर तेही लवकरच कुलूपबंद होते.

ज्यांच्या घरी बोअरवेलचे जड पाणी आहे, त्यांच्या कुंडीत असाच चुना हळूहळू साठतो. कुंडीच्या काठावर पांढरी खपली दिसली तर ती त्याचीच, किंवा जास्त झालेल्या खताच्या क्षारांची खूण. अशा वेळी आणखी खत म्हणजे आगीत तेल. खालचे भोक मोकळे आहे ना ते पाहावे, भरपूर पाणी घालून क्षार धुवून काढावेत आणि जमल्यास पावसाचे पाणी धरून ठेवावे. मुळे कुजली असतील तर सारी द्रव्ये समोर असूनही झाड पिवळे पडते. म्हणून माती ओली असताना पाणी घालू नये. आणि उपाय एका वेळी एकच करावा. चार उपाय एकदम केले, तर झाड जगले तरी कशाने जगले ते कळत नाही आणि मेले तरी कशाने तेही नाही.

२०१५ पासून आपल्याकडे शेतकऱ्यांना मृदा आरोग्य पत्रिका वाटल्या गेल्या. एका कागदावर बारा ओळी. नत्र, स्फुरद, पालाश, गंधक. जस्त, लोह, तांबे, मँगेनीज, बोरॉन. सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. पुष्कळ घरांत ती पत्रिका घडी करून फळीवर ठेवलेली आढळते. पुढच्या वेळी दिसली तर घडी उघडून पाहावी. बोरॉनच्या ओळीत वॉरिंग्टनबाई आहेत, सामूच्या ओळीत सोरेन्सन, लोहाच्या ओळीत ग्रिस आणि टेक्सासच्या टेकड्या धुंडाळणारा व्हियाला. तीनशे वर्षांच्या वेढ्यात गोळा केलेल्या किल्ल्यांचा तो जुडगा आहे. आपण तो फक्त कमरेला लावायचा आणि खताची पिशवी उघडण्यापूर्वी पानाला एकदा विचारायचे, बाबा, तुला नक्की काय हवे आहे?